थ्री नॉट थ्री: नावात .३०३, मोजली तर .३११

थ्री नॉट थ्री हे नाव मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. कोषागाराबाहेरचा पहारा, मतपेट्यांसोबतचा बंदोबस्त, कुठे ना कुठे ती लाकडी दस्त्याची लांब रायफल आपण पाहिलेली असते. पण हे नाव मुळात त्या रायफलीचं नाहीच. रायफल म्हणजे ली-एनफिल्ड. थ्री नॉट थ्री हे तिच्यात भरायच्या काडतुसाचं नाव. .३०३ इंच, मधलं 'नॉट' म्हणजे शून्य.

आता या काडतुसातली गोळी मायक्रोमीटरच्या जबड्यात धरा. आकडा येतो .३११, फार तर .३१२. गोळी स्वतःच्या नावापेक्षा जाड! आणि हा काही कारखान्यातला ढिसाळपणा नव्हे. १८८८ पासून जगभर कोट्यवधी काडतुसं याच मापाची निघाली आणि याच नावाने विकली, वाटली, झाडली गेली.

पुढे जाण्याआधी एक घोळ निस्तरायला हवा. वर्तमानपत्रांत 'गोळी' आणि 'काडतूस' हे शब्द एकाच अर्थाने येतात. काडतूस म्हणजे चार गोष्टींचा संच: पितळेची पुंगळी, तिच्या बुडात बसवलेला प्रायमर, आत दारू आणि तोंडाशी घट्ट बसवलेली गोळी. चाप ओढला की फायरिंग पिन प्रायमरवर आदळते, ठिणगी पडते, दारू पेटते आणि वायूच्या दाबाने गोळी नळीतून सुटते. लक्ष्यापर्यंत जाते ती फक्त गोळी. पुंगळी मागे राहते, आणि पंचनाम्यात ज्या 'रिकाम्या पुंगळ्या जप्त' होतात त्या याच.

मग .३०३ हे माप कशाचं? नळीच्या भोकाचं.

रायफलीची नळी आतून गुळगुळीत नसते. तिच्यात पिळदार खाचा कोरलेल्या असतात, दोन खाचांच्या मध्ये उंचवटे राहतात. या पिळामुळे गोळी स्वतःभोवती फिरत बाहेर पडते आणि सरळ जाते. नळी घडवताना आधी भोक पाडून ते अचूक मापाला आणतात, खाचा नंतर कोरतात. ली-एनफिल्डच्या नळीत ते पहिलं भोक .३०३ इंचाचं. खाचा पडल्यावरही समोरासमोरच्या उंचवट्यांमधलं अंतर तेवढंच राहतं. खाचांच्या तळापासून तळापर्यंत मोजलं तर ते अर्थातच जास्त भरतं. गोळी उंचवट्यांत रुतून फिरायला हवी, म्हणून ती भोकापेक्षा मुद्दाम जाड ठेवावी लागते. ब्रिटिशांनी नाव ठेवलं ते नळी बनवणाऱ्याच्या मापावरून. गोळी बनवणाऱ्याचं माप नावात आलंच नाही.

हा नियम सगळीकडे सारखा असता तर प्रश्न मिटला असता. तसं अजिबात नाही. .३०८ विंचेस्टर हे अमेरिकी काडतूस खाचांच्या तळाच्या मापावरून ओळखलं जातं. त्याचंच जवळजवळ जुळं असलेलं लष्करी काडतूस ७.६२ मिलिमीटर म्हणवतं, कारण तिथे मोजलेत उंचवटे: .३०० इंच म्हणजेच ७.६२ मिलिमीटर. गोळीची जाडी दोन्हींत एकच. पिस्तुलांच्या जगात .३८ स्पेशलची गोळी प्रत्यक्षात .३५७ इंचाची असते. अमेरिकनांच्या .३०-०६ मध्ये ०६ म्हणजे १९०६ हे साल, पण .३०-३० मधला दुसरा तीस म्हणजे दारूचं ग्रेन या जुन्या, बारीक एककातलं वजन. आणि ब्रिटिशांच्याच .५७७/४५० चा अर्थ असा की .५७७ ची पुंगळी पुढे आवळून .४५० च्या नळीला जुळवली.

एवढा गोंधळ का, याचं माझ्या मते सरळ उत्तर आहे. काडतुसांची नावं भौतिकशास्त्राच्या पुस्तकासाठी ठेवलेलीच नाहीत. ती दारूगोळ्याच्या कोठारासाठी ठेवली आहेत. चुकीची पेटी चुकीच्या पलटणीकडे जाऊ नये, एवढंच त्या नावाचं काम. माप थोडं इकडेतिकडे झालं तर कोठारातल्या माणसाचं काही बिघडत नाही. दोन वेगळ्या वस्तूंना एकच नाव पडलं तर मात्र त्याचं सगळंच बिघडतं. .३०३ ची पुढची कहाणी या नजरेने पाहिली की नावातला एकेक शब्द कधी आणि का चिकटला ते उलगडत जातं.

काळी दारू आणि मोठी गोळी

१८७१ पासून ब्रिटिश सैनिकाच्या हातात मार्टिनी-हेन्री होती. वर सांगितलेलं .५७७/४५० हे तिचं काडतूस. शिशाची ४८० ग्रेनची, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमची गोळी, खाली काळी दारू. बार उडाला की खांद्याला सणसणीत धक्का आणि समोर धुराचा पडदा. गोळी मोठी असण्याला कारण होतं. काळ्या दारूने गोळीला फार वेग देता येत नाही, म्हणून मार वाढवायचा तर वजन वाढवणं हाच मार्ग उरतो. वेग वाढवायचा म्हटलं तरी नुसतं शिसं मऊ. पिळात टिकत नाही, सोलवटतं आणि नळीला चिकटून बसतं.

यातला दुसरा अडसर स्वित्झर्लंडमध्ये दूर झाला. थून इथल्या सरकारी दारूगोळा कारखान्याचे प्रमुख एडुआर्ड रुबिन यांनी शिशाच्या गोळीवर तांब्याचं कवच चढवलं. कवचामुळे गोळी बारीक करता आली, वेगवान करता आली. पहिला अडसर फ्रान्सने दूर केला. पॉल व्हिएल या रसायनशास्त्रज्ञाने १८८४ मध्ये जवळजवळ धूर न करणारी दारू तयार केली आणि १८८६ मध्ये फ्रेंच सैन्याने ८ मिलिमीटरची लेबेल रायफल स्वीकारली. त्या वर्षी युरोपातल्या बाकी सगळ्या सैन्यांच्या रायफली एका फटक्यात जुन्या झाल्या.

ब्रिटनला घाई झाली, पण नवी दारू हाताशी नव्हती. म्हणून त्यांनी अर्धी उडी मारली. १८८८ च्या डिसेंबरमध्ये नवी रायफल मंजूर झाली. बोल्ट (काडतूस चेंबरमध्ये ढकलणारा दांडा) आणि मॅगझिन (काडतुसं साठवणारी पेटी) स्कॉटलंडमध्ये जन्मलेल्या, पुढे अमेरिकेत नाव कमावलेल्या जेम्स पॅरिस ली यांचं, नळीचा पीळ विल्यम मेटफर्ड यांचा. ही ली-मेटफर्ड. तिच्यासाठी .३०३ चं नवं काडतूस: कवचाची, गोल नाकाची २१५ ग्रेनची गोळी. आत मात्र जुनीच काळी दारू, दाबून वडी केलेली, मधोमध भोक ठेवलेली, म्हणजे आग आरपार जाऊन ती झटकन पेटावी. वेग सेकंदाला सुमारे १८५० फूट. बिनधुराच्या दारूसाठी आखलेलं हे काडतूस पहिली काही वर्षं धूर ओकत होतं.

कॉर्डाइट

ब्रिटनची स्वतःची बिनधुराची दारू १८८९ मध्ये तयार झाली. फ्रेडरिक एबल आणि जेम्स ड्युअर यांनी नायट्रोग्लिसरिन आणि गनकॉटन ही दोन स्फोटकं एकत्र करून त्यात थोडं व्हॅसलिन घातलं आणि ते मिश्रण दाबून त्याच्या दोऱ्या काढल्या. इंग्रजीत दोरीला कॉर्ड म्हणतात म्हणून हे कॉर्डाइट. आल्फ्रेड नोबेल यांना यात आपल्याच बॅलिस्टाइट दारूची नक्कल दिसली. पेटंटचा दावा थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला आणि १८९५ मध्ये नोबेल यांची बाजू हरली.

१८९१ पासून .३०३ मध्ये कॉर्डाइट आलं. एखादं जुनं काडतूस उघडलेलं पाहिलं तर आत भुकटी किंवा दाणे दिसत नाहीत, पिवळसर बारीक काड्यांची जुडी दिसते. ही जुडी पुंगळीच्या अरुंद तोंडातून आत जाणं कठीण, म्हणून कारखान्यात आधी पुंगळी सरळ ठेवून जुडी घालत आणि मगच पुंगळीची मान आवळत. कॉर्डाइटने वेग सेकंदाला २००० फुटांच्या जवळपास नेला. पण ते जळतं फार गरम. मेटफर्डच्या पिळातल्या उथळ, गोलसर खाचा त्या उष्णतेत भराभर झिजू लागल्या. मग लंडनजवळच्या एनफिल्डच्या सरकारी कारखान्याने खोल, चौकोनी कडांच्या खाचांचा पीळ काढला आणि १८९५ मध्ये ली-मेटफर्डची ली-एनफिल्ड झाली. रायफलीचं आडनाव बदललं ते दारूमुळे.

काडतुसाचं नाव मात्र .३०३ च राहिलं. फक्त कोठारात आता दोन प्रकारच्या पेट्या होत्या, काळ्या दारूच्या आणि कॉर्डाइटच्या. त्यामुळे कागदोपत्री नाव लांबलं आणि त्यात 'कॉर्डाइट' हा शब्द येऊन बसला. सोबत मार्क, म्हणजे आवृत्तीचा रोमन आकडा. संपूर्ण सरकारी नाव साधारण असं वाचलं जाई: 'कार्ट्रिज, एस.ए., बॉल, .३०३ इंच, कॉर्डाइट, मार्क २'. एस.ए. म्हणजे स्मॉल आर्म, तोफेच्या दारूगोळ्यापासून वेगळं ओळखायला. बॉल म्हणजे साधी गोळी. गोळी खरोखरच चेंडूसारखी गोल असायची त्या दिवसांतला हा शब्द, गोळी लांबुळकी होऊन कित्येक वर्षं उलटली तरी तो तिथेच आहे; आजही फौजेत साध्या काडतुसाला बॉलच म्हणतात.

डमडम

यापुढचा भाग कलकत्त्याजवळ घडतो. १८९५ मध्ये वायव्य सरहद्दीवरच्या चित्रालच्या मोहिमेवर गेलेल्या तुकड्यांनी तक्रार केली की ही नवी बारीक, कवचाची गोळी माणसाच्या आरपार जाते, पण धावत येणारा माणूस थांबत नाही. मार्टिनीच्या जाड शिशाची सवय झालेल्यांना हे खटकणारच होतं. डमडमच्या शस्त्रागारातले कॅप्टन नेव्हिल बर्टी-क्ले यांनी यावर उपाय काढला: गोळीच्या टोकाशी कवच न ठेवता आतलं शिसं उघडं सोडायचं. अशी गोळी अंगात शिरली की टोक पसरतं आणि जखम भयंकर होते. १८९७ च्या तिराह मोहिमेत ती वापरली गेली. डमडम हे नाव तेव्हापासून जगभरच्या भाषांत अशा प्रत्येक गोळीला पडलं, मग ती कुठेही बनलेली असो.

(योगायोग असा की १८५७ च्या जानेवारीत चरबीच्या काडतुसांची कुजबुज सुरू झाली तीही याच डमडममध्ये. ती काडतुसं वेगळी, एनफिल्डच्याच पण तोंडाकडून भरायच्या जुन्या बंदुकीची. एका लहानशा छावणीने काडतुसांच्या इतिहासात दोनदा नाव नोंदवलं.)

ब्रिटनमधल्या कारखान्यांनीही मग टोकाला पोकळी ठेवलेल्या गोळ्या काढल्या. मार्क ३, ४ आणि ५ या तीन आवृत्त्या त्याच. पण १८९९ च्या हेग परिषदेत शरीरात सहज पसरणाऱ्या किंवा चपट्या होणाऱ्या गोळ्यांवर बंदीचा जाहीरनामा निघाला. ब्रिटनने तेव्हा सही केली नाही, ती केली १९०७ मध्ये. तरी १८९९ मध्येच सुरू झालेल्या दक्षिण आफ्रिकेतल्या बोअर युद्धात सैन्य प्रामुख्याने मार्क २ च्या पूर्ण कवचाच्या गोळ्यांवरच परतलं. १९०४ मध्ये त्याच धर्तीवर पातळ कवचाचा मार्क ६ आला.

म्हणजे सोळा वर्षांत दारू बदलली, गोळीचं टोक दोनदा बदललं, आंतरराष्ट्रीय भांडण झालं, आणि पेटीवर .३०३ आहे तसंच. असं का राहिलं? कारण बदललं नाही ते एकच: रायफलीचा चेंबर, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाची ती जागा जिथे काडतूस बसतं. साम्राज्यभर लाखो रायफली वाटून झाल्या होत्या. पुंगळीची बाहेरची मापं बदलली असती तर त्या सगळ्या भंगारात गेल्या असत्या. म्हणून जे काही बदलायचं ते पुंगळीच्या आत आणि गोळीच्या टोकाशी.

मार्क ७

आज कुणी .३०३ म्हणतं तेव्हा बहुतेक वेळा मनात असतो तो १९१० चा मार्क ७. जर्मनांनी त्याच्या काही वर्षं आधीच टोकदार, हलकी गोळी स्वीकारली होती. टोकदार गोळी हवा चांगली कापते, तिचा मार्ग सपाट राहतो, त्यामुळे सैनिकाचा अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी नेम साधतो. ब्रिटिशांनीही गोळी टोकदार केली, वजन २१५ ग्रेनवरून १७४ ग्रेनवर आणलं आणि वेग सेकंदाला २४४० फुटांवर नेला.

या गोळीच्या आत एक खुबी आहे. ती उभी कापली तर कवचाखाली सगळीकडे शिसं दिसत नाही. टोकाकडच्या भागात ॲल्युमिनियम असतं, शिसं त्याच्या मागे. युद्धकाळात टंचाई झाली तेव्हा ॲल्युमिनियमच्या जागी लाकडाचा किंवा कागदाचा लगदा दाबून भरत. त्यामुळे गोळी लांब राहून हलकी झाली. पण वजन मागे सरकल्यामुळे दुसराही परिणाम झाला: हवेत सरळ जाणारी ही गोळी शरीरात शिरली की तोल जाऊन कोलांटते. हेगच्या शब्दांत ती बसत नाही, कारण ती पसरत नाही आणि चपटी होत नाही. सैनिकाच्या जखमेला हा फरक कळला असेल असं वाटत नाही. हेतू काय होता यावर वाद घालता येतो, परिणामावर नाही.

चेंबर तोच असल्यामुळे जुन्या रायफलीत मार्क ७ बिनदिक्कत बसत होतं. फक्त गोळीचा मार्ग बदलल्याने नेम धरायच्या जुन्या साइटवरचे अंतराचे आकडे खोटे पडले. मग रायफली परत मागवून साइट बदलल्या गेल्या आणि त्यांच्यावर एच.व्ही. अशी अक्षरं ठोकली. हाय व्हेलॉसिटी. कोठारातली तीच खबरदारी, या वेळी रायफलीच्या अंगावर.

कडा

मिलिमीटरच्या पद्धतीत या काडतुसाचं नाव ७.७×५६आर असं लिहितात. ७.७ म्हणजे .३०३ इंच, ५६ ही पुंगळीची लांबी आणि आर म्हणजे रिम. पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली कडा असते, तीच रिम. काडतूस चेंबरमध्ये शिरताना ही कडा तोंडाशी अडते आणि किती आत जायचं ते तीच ठरवते. त्यामुळे चेंबर थोडा सैल बनला, चिखल-वाळू गेली तरी चालून जातं. एका गोळीच्या मार्टिनीसाठी ही रचना झकास होती.

मॅगझिन आलं आणि तीच कडा डोकेदुखी झाली. काडतुसं एकावर एक रचताना वरच्याची कडा खालच्याच्या कडेमागे अडकली की वरचं पुढे सरकतच नाही. ऐन लढाईत बोल्ट ढकलावा आणि काडतूस हलू नये, यापेक्षा वाईट काय? म्हणून सैनिकाला पाच-पाच काडतुसांच्या पट्ट्या भरताना कडांचा क्रम सांभाळायला शिकवत. मशीनगनच्या रचनाकारांनाही ती कडा नडली. व्हिकर्स मशीनगन कापडी पट्ट्यातून काडतूस आधी मागे ओढून काढते आणि मग पुढे ढकलते. ब्रेन ही लाइट मशीनगन मूळ चेकोस्लोव्हाकियातल्या ब्रनोची. तिथे बिनकडेच्या काडतुसांसाठी तिचं मॅगझिन सरळ होतं. ब्रिटनमध्ये .३०३ साठी ती घडवली तेव्हा ते वाकवावं लागलं, कारण बुडाशी जाड असलेली काडतुसं रचत गेलं की थप्पी आपोआप कमानीसारखी वळते. ब्रेनचं ते ओळखीचं वाकडं मॅगझिन ही या कडेचीच देणगी.

ही कडा टाकून द्यायचा बेत झालाही होता. १९१३ मध्ये .२७६ इंचाच्या बिनकडेच्या काडतुसाची नवी रायफल चाचणीला आली. वर्षभरात महायुद्ध पेटलं, आणि युद्धाच्या मध्यात काडतूस बदलणं कुणालाच परवडणारं नव्हतं. ती रायफल .३०३ मध्ये फिरवून अमेरिकेतल्या कारखान्यांकडून बनवून घेतली गेली.

.३०३ चं माप नेमकं असलं तरी त्याच्या उत्पादनात सैलपणा किती असायचा, याचा फटका कॅनडाच्या सैन्याला बसला. त्यांच्याकडे स्वतःची रॉस रायफल होती, अचूक, घट्ट चेंबरची. १९१५ मध्ये बेल्जियममधल्या ईप्रच्या लढाईत युद्धाच्या घाईत बनलेली काडतुसं तिच्यात अडकायला लागली. ली-एनफिल्डचा सैल चेंबर तीच काडतुसं गिळत होता. कॅनडाचे सैनिक स्वतःच्या रायफली टाकून पडलेल्या ब्रिटिशांच्या ली-एनफिल्ड उचलू लागले आणि पुढच्या वर्षी रॉस आघाडीवरून गेली. नावात .३०३ दोन्हींच्या होतं.

अक्षरं आणि आकाश

पहिल्या महायुद्धात साध्या गोळीशिवाय इतर प्रकारही लागले. मग मार्कच्या जोडीला अक्षरं आली: जी म्हणजे मागे उजेडाची रेघ सोडणारी ट्रेसर, डब्ल्यू म्हणजे चिलखत भेदणारी, बी म्हणजे आग लावणारी. १९१६ च्या सप्टेंबरच्या दोन-तीन तारखेच्या रात्री लेफ्टनंट विल्यम लीफ रॉबिन्सन या वैमानिकाने लंडनच्या आकाशात एस.एल. ११ हे हायड्रोजनवर तरंगणारं जर्मन हवाई जहाज .३०३ च्याच लुईस मशीनगनने पाडलं. त्याच्या मॅगझिनमध्ये हायड्रोजन पेटवणाऱ्या खास गोळ्या होत्या. रॉबिन्सनचा जन्म कूर्गचा. त्याला व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला.

सगळ्यात बोलकं अक्षर झेड. युद्धात अमेरिकी कारखान्यांनी कॉर्डाइटऐवजी नायट्रोसेल्युलोजची दारू भरून मार्क ७ पुरवला. तोवर कॉर्डाइट इतकं अंगवळणी पडलं होतं की वेगळी ओळख आता दुसऱ्या दारूला हवी होती. ती ७झेड. १८९१ मध्ये 'कॉर्डाइट' हा शब्द अपवाद म्हणून नावात शिरला, पंचवीस वर्षांत तोच नियम झाला आणि अपवादाची खूण दुसरीकडे गेली. १९३८ चा मार्क ८झेड खास व्हिकर्ससाठी, बूड निमुळतं केलेल्या गोळीचा. मारा ४५०० यार्डांपर्यंत. साध्या रायफलीत तो वापरू नये अशी सूचना असे, कारण नळी लवकर झिजते.

१९४० मध्ये स्पिटफायर आणि हरिकेन विमानांच्या पंखांत प्रत्येकी आठ ब्राउनिंग मशीनगन होत्या, त्याही .३०३ च्याच. कॉर्डाइट इथेही आडवं आलं. तापलेल्या चेंबरमध्ये बसून राहिलेलं काडतूस आपोआप उडण्याचा धोका होता, म्हणून मारा थांबला की चेंबर रिकामा आणि बोल्ट मागे राहील असा बदल या अमेरिकी मशीनगनमध्ये करावा लागला.

त्याच युद्धात शत्रूकडेही हेच काडतूस होतं. जपानी आरमाराच्या ७.७ मिलिमीटरच्या मशीनगन आणि इटलीच्या विमानांतल्या ७.७ च्या ब्रेडा या दोन्ही ७.७×५६आर वापरत, म्हणजे दुसऱ्या नावाने .३०३. आणि उलट बाजूने, जपानी पायदळाच्या टाइप ९९ रायफलीचं काडतूसही ७.७ च म्हणवायचं, पण त्याची पुंगळी ५८ मिलिमीटरची आणि बिनकडेची. आरमाराची पेटी पायदळाला दिली तर उपयोग शून्य. अमेरिकेतलं .३०३ सॅव्हेज हे तर शिकारीचं वेगळंच काडतूस. ब्रिटिश रायफलीत ते चालत नाही. अशा ठिकाणी नुसता आकडा कामाचा नसतो, लांबी आणि कडा पाहावीच लागते.

पुंगळीच्या बुडावर काय लिहिलंय

रिकामी पुंगळी उलटी केली की बुडावर ठसा असतो. पुण्याजवळ खडकीला १८६९ पासून दारूगोळ्याचा कारखाना आहे. तिथल्या .३०३ च्या पुंगळीवर के आणि एफ ही अक्षरं, मध्ये सरकारी मालाची खूण असलेला बाण, साल आणि मार्कचा आकडा सापडतो. के म्हणजे किरकी, खडकीचं इंग्रजांनी केलेलं रूप. मार्क रोमन आकड्यात असेल तर काडतूस बहुधा जुनं. दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस ब्रिटिशांनी रोमन आकडे सोडून साधे आकडे घेतले. इंचाचं माप या ठशात बहुतेक वेळा नसतंच. ते गृहीत धरलेलं.

१९५३-५४ मध्ये नाटो देशांनी ७.६२×५१ हे बिनकडेचं काडतूस ठरवलं आणि ब्रिटनमध्ये .३०३ ची सेवा संपत आली. भारतीय फौजेकडे १९६२ च्या चीन युद्धातही .३०३ होती, लडाखमधल्या रेझांग ला या खिंडीत मेजर शैतान सिंह यांची तुकडी याच रायफलींनी लढली. त्यानंतर सैन्यात ७.६२ ची एस.एल.आर. (सेल्फ-लोडिंग रायफल) आली, .३०३ पोलिसांकडे गेली आणि तिथे दीर्घकाळ राहिली. २६ नोव्हेंबर २००८ ला मुंबईत सीएसटीवर पोलिसांच्या हातात तीच होती. उत्तर प्रदेश पोलिसांनी ती निवृत्त केली २०२० मध्ये.

सामान्य नागरिकाला भारतात .३०३ चा परवाना सहज मिळत नाही, कारण ती कायद्याने निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापांत मोडते. परवानाधारकाकडे दिसते ती .३१५, तिचं काडतूस ऑस्ट्रियाच्या जुन्या ८ मिलिमीटर मॅनलिखरवरून आलेलं आहे. आणि पोलिसांकडे लाकडी दस्त्याची दिसणारी प्रत्येक रायफल थ्री नॉट थ्री असेलच असं नाही. बंगालमधल्या ईशापूरच्या कारखान्याने १९६० च्या दशकात ली-एनफिल्डचाच साचा ठेवून ७.६२ ची २ए१ रायफल बनवली. लांबून दोघी एकीसारख्याच. फरक मॅगझिनमध्ये आहे: .३०३ चं दहा काडतुसांचं आणि तिरकं, २ए१ चं बारा काडतुसांचं, चौकोनी पेटीसारखं.